जुन्या बॅटरीचा पहिला टप्पा

बारावीच्या रसायनशास्त्रात शिसे-संचायक घट आपण फळ्यावर काढतो. एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. घट निकामी झाल्यावर त्याचे काय होते, हे मात्र फळ्यावर येत नाही. ते सरकारी नियमांत येते. ते नियम आम्ही हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यासारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून वाचून पाहिले.

पहिले नियम २००१ सालचे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. आता सर्व प्रकारच्या बॅटऱ्या नियमांखाली आल्या, जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली आणि हिशेब केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संगणकीय नोंदणीत जाऊ लागला. एवढे चांगलेच झाले.

पण समजा, कुरुंद्यातील एका घरातली इन्व्हर्टरची बॅटरी संपली. दारावर आलेला भंगारवाला ती किलोच्या भावाने मागतो. त्याला हवे असते शिसे. शिसे व त्याची संयुगे मिळून बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन भरते. आम्ल हे त्याच्या दृष्टीने नुसते ओझे. ते गटारात किंवा बांधावर ओतले जाते आणि त्याबरोबर शिशाचे कणही मातीत जातात. बॅटरी अखंड, उभी, आम्लासह न्यावी, तिची टोके धातूला टेकू देऊ नयेत, ही वाहतुकीची शिस्त गाडी हलण्यापूर्वीच मोडलेली असते.

पुढचा धोका शिशाच्या गुणधर्मातच आहे. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या कोळशाच्या भट्टीवरही. त्यामुळे हा धंदा कोणालाही परसात मांडता येतो. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत असाच उद्योग चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ मुले दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही.

आमचा आक्षेप येथेच आहे. २००१ च्या नियमांत विक्रेत्यासाठी स्वतंत्र कलम होते: जुनी बॅटरी परत घ्यावी, तिच्याबद्दल ग्राहकाला योग्य सूट द्यावी, ती सुरक्षितपणे पुढे पाठवावी. अंमल ढिला होता हे खरे. तरी गावकऱ्याला ओळखीचा असलेला एकमेव माणूस, म्हणजे वसमतचा दुकानदार, त्या साखळीत होता. २०२२ च्या नियमांत उत्पादक, ग्राहक, गोळा करणारे, पुनर्चक्रण करणारे अशा प्रत्येकाच्या कर्तव्यांचे वेगळे कलम आहे, विक्रेत्याचे नाही. अनामत परत देण्याची योजना उत्पादकाने चालवावी, पण तीही ऐच्छिक. आम्हांला वाटते, ती सक्तीची हवी, आणि रक्कम वजनावर नव्हे तर नगावर, आम्लासह अखंड बॅटरी आणली तरच मिळावी. मग आम्ल ओतणे तोट्याचे ठरेल.

तोवर शिक्षकांनी आपल्या शाळेतील संगणक-कक्षाची मागची बॅटरी कोणाला व कोणत्या पावतीवर गेली, हे दप्तरात एकदा पाहावे.