जुन्या पोथ्यांची रासायनिक परीक्षा : तिची साक्ष व तिची मर्यादा

जुनी पोथी किंवा कागद हातीं आला म्हणजे संग्राहकाचा पहिला प्रश्न त्याच्या काळाविषयीं असतो. अक्षराचें वळण, भाषा, शक व संवत्सर यांचा मेळ, कागदाची घडण आणि मजकुरांत येणारीं नांवें, एवढ्या साक्षीदारांच्या बळावर आपण हा प्रश्न सोडवीत आलों. आतां त्यांत रसायनशाळेची भर पडली आहे, व ती स्वागतार्हच होय. परंतु "प्रयोगशाळेंत सिद्ध झालें" हे तीन शब्द एखाद्या कागदाच्या वर्णनांत दिसले कीं वाचक मान डोलावून पुढें जातो, आणि जी उलटतपासणी तो भाषेची व अक्षराची करितो ती रसायनाची करीत नाहीं. हें आम्हांस गैर वाटतें.

या परीक्षांपैकीं शाईच्या व रंगाच्या कामीं जिचें नांव वारंवार निघतें ती क्रोमॅटोग्राफी. परिभाषेंत तिला वर्णलेखन म्हणतात. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०३ सालीं वॉर्सा येथील व्याख्यानांत तिचें तत्त्व मांडलें व १९०६ सालीं तिला नांव दिलें. पानांचा अर्क खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून खालीं सोडला, तेव्हां एकच भासणारा हिरवा रंग हिरव्या व पिवळ्या अनेक पट्ट्यांत विभागला गेला. पुढें इंग्लंडांत मार्टिन व त्याचे सहकारी यांनीं १९४४ सालीं नळीच्या जागीं गाळणकागदाची पट्टी घेतली. द्रव पट्टीवरून सरकूं लागला म्हणजे कांहीं रंग त्याच्याबरोबर धांवतात, कांहीं कागदाला चिकटून मागें राहतात. द्रवानें किती वाट चालली व रंगानें किती, यांचें प्रमाण हीच त्या रंगाची ओळख. मात्र त्याच पट्टीवर शेजारीं ज्ञात रंगाचा ठिपका चढविला असेल तरच ती भरंवशाची.

येथें पहिली अडचण आपली शाईच उभी करिते. जुन्या पोथ्यांची काळी शाई बहुशः काजळाची. दिव्याचें काजळ डिंकाच्या पाण्यांत घोटून ती करीत. काजळ म्हणजे कोळसा. तो पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कांतहि नाहीं. आणि जें विरघळत नाहीं त्याविषयीं पट्टी मुकी राहते. यादवकाळचें काजळ व गेल्या वर्षींचें काजळ यांत तिला भेद दिसावयाचा नाहीं. हिरडा व हिराकस यांची शाई असेल तर तींत लोह सांपडतें. त्यावरून कृति कळते, शक कळत नाहीं. हिंगूळ व हरताळ हे खनिज रंगहि पाण्यांत न विरघळणारे. (चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासण्याचा लेखकांचा परिपाठ भाषेंत वाक्प्रचार होऊन बसला, एवढी रासायनिक नोंद तरी भाषेनें आधींच करून ठेविली!) म्हणून काळ्या मजकुराचा काळ "शाईच्या परीक्षेवरून" ठरला असें कोणी सांगितलें, तर कोणती परीक्षा, हें प्रथम विचारावें.

मग पट्टी बोलते कोठें? वनस्पतिज, कीटकज व कृत्रिम रंगांविषयीं. याचें एक उदाहरण आमच्या हातून गेलें तें सांगतों. यावल तालुक्यांतील एका संग्राहकांनीं एक सुटें पान दाखविलें. मजकूर काळा, भोंवतीं तांबड्या दुहेरी रेघा, शेवटीं शके १६१२ प्रमोदनाम संवत्सर. शकाशीं संवत्सर बरोबर जुळतो. पण तो तर पंचांग जाणणाऱ्या कोणाहि लबाडाला जुळवितां येतो. रेघेच्या टोकाला ओलसर टिपकागद लावतांच गुलाबी डाग उमटला. हिंगूळ असता तर असें न होतें. "विलायती रंग, पान बनावट", असा निकाल एका स्नेह्यांनीं तेथल्या तेथें दिला. हा निकाल घाईचा होता. अळता, म्हणजे लाखेचा रंग, हाहि पाण्यानें सुटतो, आणि तो या देशांत शिवकाळाच्या कितीतरी आधींपासून आहे. म्हणून रेघेचा बारीक कण, अळता व बाजारी एओसीन असे तीन ठिपके आम्हीं एकाच पट्टीवर चढविले. रेघेचा रंग एओसीनच्या बरोबरीनें गेला आणि अतिनील प्रकाशांत त्याच्यासारखाच हिरवट चमकला. एओसीन हा कृत्रिम रंग १८७४ च्या सुमाराचा. तेव्हां ती रेघ शके १६१२, म्हणजे इ. स. १६९० मधील नव्हे, इतकें ठरलें.

मजकूर बनावट ठरला काय? नाहीं. रेघ कोणीं व कां ओढली याचें उत्तर पट्टींत नाहीं. समास झिजला असतां पोथीच्या एखाद्या मालकानें नव्या तांबड्या शाईनें रेघा पुन्हां ओढून घेतल्या असतील; किंवा मजकूर व रेघा दोन्हीं एकाच बैठकींत एकाच लबाडानें केलीं असतील. पानांत एके ठिकाणीं अक्षराची वेलांटी रेघेस छेदते. भिंगाखालीं तेथें तांबडें काळ्याच्या वर बसलेलें दिसतें. म्हणजे रेघ मागाहूनची. किती मागाहूनची, एका घटकेनें कीं दोनशें वर्षांनीं, हें भिंगहि सांगत नाहीं.

कागद जुना म्हणून लेख जुना, ही याच्या उलट बाजूची चूक अधिक महाग पडते. येल विद्यापीठानें १९६५ सालीं ‘व्हिनलंड नकाशा’ प्रसिद्ध केला, व कोलंबसापूर्वीं अमेरिकेचा किनारा दाखविणारा म्हणून त्याचा जगभर बोलबाला झाला. १९७४ सालीं वॉल्टर मॅक्रोन यांनीं त्याच्या शाईंत टायटॅनियमचें असें संयुग दाखविलें कीं जें त्या रूपांत विसाव्या शतकांतच कारखान्यांतून निघूं लागलें. १९८७ सालीं दुसऱ्या प्रयोगशाळेनें टायटॅनियमचें प्रमाण अत्यल्प असल्याचें सांगून तो निकाल डळमळीत केला. २००२ सालीं कार्बनमापनानें चर्मपत्र पंधराव्या शतकाचेंच ठरलें. शेवटीं २०२१ सालीं खुद्द येलनें नकाशा बनावट असल्याचें जाहीर केलें. छप्पन वर्षें लागलीं! चर्मपत्राची परीक्षा चुकली नव्हती. तिला जो प्रश्न विचारला होता तो नकाशाचा नव्हता, चामड्याचा होता.

खानदेशास हें उदाहरण दूरचें नाहीं. एरंडोल हें गांव एके काळीं देशी जाड्याभरड्या कागदाबद्दल प्रसिद्ध होतें. हातकागदाच्या जुन्या वह्यांच्या अखेरीस कोरीं पानें राहतातच. अशा पानावर आज काजळाच्या शाईनें लिहिलें तर तंतु, खळ, घोटाई सर्व जुनेंच निघणार. आयोडीननें खळ निळी होईल, लाकडाच्या रांध्याची खूण दिसणार नाहीं, आणि परीक्षक प्रामाणिकपणें लिहील कीं यांत आधुनिक असें कांहीं आढळलें नाहीं. वाक्य खरें, विक्रेता त्याचा अर्थ ‘अस्सल’ असा करील तो खोटा.

धुळ्यास बसून हें लिहितांना राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीची आठवण टाळतां येत नाहीं. एकनाथपूर्व प्रत म्हणून त्यांनीं ती १९०९ सालीं छापली. तिच्या भाषेच्या जुनेपणावर वाद झाला, आणि मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. ती असती तर रसायनानें वाद मिटविला असता असें आम्ही म्हणत नाहीं. कागदानें फार तर एक अलीकडची मर्यादा घालून दिली असती. पण तेवढीहि आतां घालतां येत नाहीं. अस्सल कागदासाठीं गांवोगांव हिंडलेल्या इतिहासाचार्यांविषयीं पूर्ण आदर ठेवूनहि म्हणावें लागतें कीं छापील पाठाला खळ नसते.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ व श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर यांचे संग्रह आहेत. तेथून सुमारें पन्नास किलोमीटरांवर शिरपूरच्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत, तसेंच जळगांवच्या विद्यापीठांत, याच पद्धतीचीं प्रगत रूपें अभ्यासिलीं जातात. औषधांतील घटक निवडणारा हात पोथीच्या समासांतील रंगहि निवडूं शकेल. तरीहि सरसकट पोथ्या तिकडे पाठविण्याच्या आम्ही विरुद्ध आहों. वाग्देवता मंदिरांत समर्थांच्या हस्ताक्षराची म्हणून जपलेली वाल्मीकि रामायणाची प्रत आहे. हस्ताक्षर कोणाचें हा तिचा प्रश्न, व तो अक्षराशीं अक्षर ताडून सोडवावयाचा. तिच्यांतून तिळाएवढा कण काढण्याचेंहि प्रयोजन नाहीं. जेथें काळाची शंका एखाद्या रंगावर किंवा कागदावर टेकली आहे तेथेंच परीक्षा व्हावी. आधीं प्रश्न लिहून द्यावा, कण कोठून घेतला त्याचें छायाचित्र ठेवावें, शेजारीं कोणते ज्ञात रंग चढविले तें छापावें, आणि पट्टी पोथीबरोबर दप्तरांत जपावी, म्हणजे पुढील संशोधकास आमचीहि उलटतपासणी करितां येईल.

यावलचें तें पान आम्हीं परत केलें आहे. त्याच बाडांतील आणखी पानें शोधावीं व त्यांवर रेघा आहेत कीं नाहींत तें पाहावें, अशी विनंति संग्राहकांस केली आहे.