ग्रंथनिवड की ग्रंथखरेदी?

सार्वजनिक वाचनालयात वर्षभरात कोणती पुस्तके यावीत, हे महाराष्ट्रात बहुधा तिघे मिळून ठरवतात: ग्रंथपाल, कार्यकारिणीतले दोन-तीन खरोखर वाचणारे सभासद आणि पुस्तकविक्रेता. यांपैकी तिसरा गेल्या काही दशकांत वरचढ झाला आहे. अनुदानाचा हप्ता हातात येतो तेव्हा मार्चअखेर जवळ आलेली असते. पावत्या त्याच वर्षाच्या हिशेबात लागायला हव्यात, म्हणून जो विक्रेता सवलत जास्त देतो आणि गठ्ठे घरपोच आणतो, त्याच्याच यादीवर सही होते. याला निवड म्हणणे धाडसाचे आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. रत्नागिरी (1828), नाशिक (1840), पुणे (1848) येथील वाचनालये स्थापन झाली तेव्हा छापील मराठी पुस्तके मोजकीच होती. 1898 मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले ते मराठी ग्रंथ जमवण्याच्या ध्यासातून. निवडण्यापेक्षा मिळवणे अवघड असलेला तो काळ होता. आज उलट आहे. छपाई सोपी झाली, प्रकाशक वाढले, लेखकाच्या खर्चाने निघणाऱ्या पुस्तकांचीही भर पडली. जमवण्याची जुनी सवय मात्र सुटली नाही.

त्या सवयीला नियमांनीही हातभार लावला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते, आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या व नियतकालिकांची संख्या मोजली जाते. उद्देश चांगला होता, खेडोपाडी वाचनालये त्यामुळेच तगली. पण दाखल नोंदवहीत सोळा पानांची पुस्तिका आणि सहाशे पानांची कादंबरी या दोहोंना एकेकच क्रमांक मिळतो. वरचा वर्ग गाठायचा असेल तर स्वस्त आणि बारीक पुस्तके घेणे हा सरळ मार्ग ठरतो, आणि अशी पुस्तके सर्वाधिक कुठे मिळतात, तर बालविभागात.

म्हणून मुलांचे कपाट भरलेले दिसते आणि तरी उपाशी असते. थोरांची चरित्रे एकाच साच्यातली. पंचतंत्र, अकबर-बिरबल आणि तेनालीराम यांचे संच पुन्हा पुन्हा आलेले. कागद चकचकीत, चित्रे कुठून तरी उचललेली, चित्रकाराचे नाव नाही, अनुवाद असला तर अनुवादकाचेही नाही. मुलांचे पुस्तक पारखताना ही नावेच आधी पाहावीत. ज्या प्रकाशकाला चित्रकाराचे नाव छापावेसे वाटत नाही, त्याने चित्रांवर विचार केलेला नसतो. मग अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर, शिलाई. आणि मुख्य म्हणजे चित्र मजकुरापेक्षा काही वेगळे सांगते का, की वाक्यात झाड आले म्हणून झाड काढले आहे.

चांगल्याची वानवा आहे असे नाही. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत घर, गल्ली, आजी, भांडण हे सगळे मुलाच्या उंचीवरून दिसते, आणि लेखन व चित्रे एकाच हातची असल्याने दोन्ही एकमेकांना धरून चालतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तकांकडे चिकाटीने लक्ष दिले. किंमत कमी म्हणजे दर्जा कमी, हा समज नॅशनल बुक ट्रस्टने (स्थापना 1957) कधीच खोटा ठरवला आहे. ‘तोत्तोचान’चा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद तिथलाच, आणि तो पालकांनीही वाचावा असा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून वाचनपातळीनुसार लावलेल्या गोष्टी मराठीतही फुकट मिळतात, त्यांतल्या काही अनुवादांची भाषा कोरडी आहे, हे मान्य करूनही खेड्यातल्या वाचनालयाला तो मोठाच आधार आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून मागितला जातो, पण बऱ्याच ठिकाणी पाने सुटलेली प्रतच हाती येते. फाटलेल्या आवडत्या पुस्तकाची नवी प्रत घेणे हाही निवडीचाच भाग आहे, आणि तोच सर्वांत आधी विसरला जातो.

दहा ते चौदा या वयासाठी परिस्थिती सर्वांत वाईट. गोष्टींची पुस्तके बाळबोध वाटू लागतात आणि मोठ्यांचे कपाट अजून उघडत नाही. ही फट मराठीत पुस्तकांपेक्षा मासिकांनी अधिक भरली. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ 1906 चे, बालभारतीचे ‘किशोर’ 1971 चे. पुढे ‘छात्र प्रबोधन’, अलीकडे ‘वयम्’. ‘किशोर’चे जुने अंक आता महाजालावर मोफत उपलब्ध आहेत. तरी बहुतेक वाचनालयांत मुलांसाठी एखादेच मासिक येते, आणि तेही मोठ्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रांखाली दबलेले.

मोठ्यांच्या नियतकालिकांची कथा दिवाळी अंकांनी गिळली आहे. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही महाराष्ट्राची खास मिरासदारी. स्वतंत्र वर्गणी घेऊन अंक फिरवण्याची योजना वाचनालयांना चार पैसेही मिळवून देते. त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीत डझनांनी अंक घेणारी संस्था ‘साधना’, ‘नवभारत’, ‘अनुष्टुभ’ यांची वर्षाची वर्गणी भरताना हात आखडते, तेव्हा वाचकाला सलग विचार देणारी नियतकालिके नकळत वजा होतात.

प्रौढांच्या पुस्तकांबाबत फार सांगण्यासारखे नाही. लोकप्रिय कादंबऱ्या, अनुवादित रहस्यकथा घ्याव्यातच, त्यांवर वाचनालय चालते. खरी ओढाताण अभ्यासिकांमुळे होते. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके वर्षा-दोन वर्षांत निरुपयोगी होतात, तरी मागणी एवढी की विज्ञान, शेती, इतिहास यांच्या वाट्याला उरलेसुरलेच येते.

निवडणाऱ्याला साधने कोणती? शासनमान्य ग्रंथांची यादी असते, पण यादीत नाव असणे म्हणजे परीक्षण नव्हे. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली. चालू वर्षाच्या पुस्तकांबाबत तसे भरवशाचे काही हाताशी नाही. 1964 पासूनचे ‘ललित’ नव्या पुस्तकांची दखल घेते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतली परीक्षणे मात्र आखूड आणि गोडगोड झाली आहेत, आणि बालपुस्तकांची तर फार थोडी येतात. मुलांना एखादे पुस्तक आवडले का, ते देवघेवीच्या खिडकीशी बसणाऱ्याला कळते. त्याची टिपणे ठेवण्याची पद्धत क्वचितच दिसते.

निवडीची दुसरी बाजू निर्लेखनाची. पुस्तक बाद करायचे तर ठराव, याद्या आणि लेखापरीक्षकाची धास्ती, शिवाय ग्रंथसंख्या घटते ती वेगळीच. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची परीक्षा-मार्गदर्शके आणि जुने प्राप्तिकराचे नियम कपाट अडवून बसतात. जुन्या मासिकांचे बांधीव खंड मात्र वाचक मागत नाही, जागा नाही, या सबबीखाली रद्दीत निघतात.