फ्रिजबरोबर आलेले वाचन

गेल्या वर्षी जुलै महिन्यात सावर्ड्याच्या आमच्या घरातला फ्रिज नीट गार करीनासा झाला. दूध दुसऱ्या दिवशी नासू लागले. बर्फाच्या कप्प्यात मात्र बोटभर जाडीचा बर्फ साचला होता. आईची इन्शुलिनची बाटली दारातल्या फळीवर असे. तिथे गारवा लागेना, म्हणून मी ती उचलली आणि बर्फाच्या कप्प्याला अगदी टेकवून ठेवली. सकाळी पाहतो तो बाटलीतले औषध गोठलेले. औषधाच्या दुकानदाराने सांगितले, "सर, एकदा गोठलं की संपलं, ते वापरायचं नाही." बाटली टाकून दिली. त्याच दिवशी दुरुस्तीवाला आला, मागे हात लावून पाहिला आणि म्हणाला, "सर, गॅस संपलाय. भरावा लागेल."

मी विज्ञान शिकवतो. तरीही त्या क्षणी त्याला विचारायला माझ्याकडे एकही नेमका प्रश्न नव्हता, याची मला लाज वाटली. त्याला "उद्या या" म्हणून सांगितले आणि फ्रिजविषयी घरात जे जे छापलेले होते ते सगळे टेबलावर मांडले. फ्रिजच्या पाठीवरची पाटी, दारावरचे ताऱ्यांचे लेबल, खरेदीच्या वेळी मिळालेली माहितीपुस्तिका आणि शाळेची पाठ्यपुस्तके. पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. हे चार मजकूर त्या पुस्तकांहून कितीतरी अधिक घरांत पोचतात, पण त्यांचे परीक्षण कोणी करत नाही. ते येथे करतो. कसोटी एकच ठेवली आहे: हा मजकूर वाचून वाचकाला वस्तू ओळखता येते का, मोजता येते का आणि बिघडली तर पुढचा प्रश्न विचारता येतो का?

पाठीवरची पाटी

चारांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत प्रामाणिक मजकूर हाच. दहा-बारा ओळी, विशेषण एकही नाही. त्यात दाब २३० व्होल्ट, वारंवारिता ५० हर्ट्‌झ, आतली जागा किती लिटर आणि प्रशीतक कोणते व किती ग्रॅम एवढे लिहिलेले असते. आमच्या पाटीवर 'आर-६००ए, ४० ग्रॅम' असे आहे. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्युटेनचाच भाऊबंद. उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास तो उकळतो.

'गॅस संपलाय' या निदानाचे उत्तर या एका ओळीतच होते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळतो, म्हणून संपतो. फ्रिजमधला गॅस त्याच्या सुमारे साडेतीनशेव्या हिश्शाएवढा, आणि तो जळत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो, बर्फाच्या कप्प्यापाशी उकळून उष्णता घेतो आणि मागच्या जाळीत द्रव होऊन ती सोडतो. तो संपत नाही, फार तर गळतो. गळला असेल तर भोक न शोधता पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय आमच्या बर्फाच्या कप्प्यावर सगळीकडे सारखा थर होता. गॅस बराचसा गळलेला असता तर सुरुवातीच्या थोड्या भागावरच बर्फ धरला असता आणि बाकीचा भाग कोरडा राहिला असता. म्हणजे तो बर्फच गॅस शाबूत असल्याची साक्ष देत होता.

पाटीचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. गोदरेज कंपनीने १९५८ साली भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज बाजारात आणला. पुढे अनेक वर्षे घरोघरच्या फ्रिजमध्ये आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन गटातला वायू असे. ओझोनच्या थराला तो घातक ठरल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याला निरोप देण्यात आला. भारत या करारात १९९२ साली सामील झाला. आर-१२ पेटत नसे, आयसोब्युटेन पेटतो. म्हणून कोणी ज्योत लावून गळती शोधू लागला तर त्याला तिथेच थांबवावे.

पाटीचे दोन दोष. पहिला, ती भिंतीकडे तोंड करून असते. दुसरा अधिक गंभीर आहे. पाटीवर हवामानाचा वर्ग दिलेला असतो. 'टी' म्हणजे उष्ण कटिबंध, भोवतालचे तापमान १६ ते ४३ अंश. हा वर्ग सांगताना पाटी फक्त तापमान सांगते. कोकणात फ्रिजची खरी परीक्षा आर्द्रता घेते, आणि तिच्याविषयी पाटीवर अक्षरही नाही.

ताऱ्यांचे लेबल

ऊर्जा दक्षता ब्यूरोची ही योजना २००६ साली सुरू झाली आणि २०१० पासून आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजना लेबल सक्तीचे झाले. या लेबलाने गिऱ्हाइकाला दुकानात 'रंग कोणता' याच्यापलीकडचा एक प्रश्न दिला, हे त्याचे मोठे श्रेय.

पण आपण तारे वाचतो आणि आकडा सोडून देतो. तारे आकारमान लक्षात घेऊन दिलेले असतात. त्यामुळे पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा अधिक वीज खाऊ शकतो. शिवाय निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून कोणत्या वर्षीचे तारे हेही पाहावे लागते. वर्षाला किती युनिट हा आकडाच खरा.

तो आकडा ताडून पाहता येतो. आमच्या विजेच्या मीटरवर 'एका युनिटला ३२०० लुकलुक' असे छापलेले आहे. घरातले बाकी सगळे बंद करून फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना दहा मिनिटांत लाल दिवा ५० वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला ३००, म्हणजे सुमारे ०.०९४ युनिट. कॉम्प्रेसरची शक्ती ९४ वॅट निघाली. बिघाडाच्या दिवसांत तो थांबतच नव्हता, म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिट. दुरुस्तीनंतर तो ११ मिनिटे चालून १६ मिनिटे थांबू लागला, तेव्हा हिशेब दिवसाला ०.९२ युनिटवर, म्हणजे वर्षाला सुमारे ३३५ युनिटांवर आला. लेबल म्हणते २५४. लेबल खोटे नाही. ते प्रयोगशाळेतल्या बंद दाराच्या फ्रिजचे आहे. आमचा फ्रिज अकरा वर्षांचा आणि स्वयंपाकघरातला. हा फरक का पडतो हे विद्यार्थ्यांनी शोधावे, इतका तो चांगला प्रश्न आहे.

माहितीपुस्तिका

सर्वांत जाड आणि सर्वांत निराश करणारा मजकूर हा. काही सूचना उत्तम आहेत. भिंतीपासून अंतर ठेवा, वीज गेल्यावर पाच मिनिटे थांबून मग चालू करा, बर्फ सुरीने खरवडू नका. मात्र 'का' हे कुठेच नाही. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला काही मिनिटे लागतात, तोपर्यंत मोटरला पुन्हा फिरणे जड जाते, एवढे एक वाक्य लिहिले असते तर ती सूचना कोणी विसरला नसता.

मुख्य तक्रार त्या गोल बटणाची. त्यावर १ ते ७ आकडे आहेत. ते अंश नव्हेत, हे पुस्तिका सांगत नाही. ७ म्हणजे अधिक उबदार की अधिक गार, हे पाहुण्यांना विचारा, निम्मे चुकतील. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश कुठे आहेत, हे पुस्तिकेच्या चित्रात दाखवलेले नाही. बाटली मी स्वतः गोठवली, ती चूक माझीच. पण त्या चित्रात तीन आकडे असते तर ती झाली नसती.

ते आकडे आम्ही नंतर काढले. हवेत धरलेला तापमापी दार उघडताच वर चढतो, म्हणून तो पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर ठेवला. दुरुस्तीनंतर मधल्या फळीवर ४ अंश, दारात ८, बर्फाच्या कप्प्याला लागून ० च्या आसपास. आता इन्शुलिन मधल्या फळीवर, डब्यात असते.

बिघाडांच्या तक्त्यात सात ओळी आहेत आणि त्यातल्या पाचांचे उत्तर 'सेवाकेंद्राशी संपर्क साधा' असे आहे. तिथे असा क्रम देता आला असता: आतला दिवा लागतो का? लागत नसेल तर आधी वीज पाहा. कॉम्प्रेसर घुमतो का? दर काही मिनिटांनी नुसताच 'टक्' आवाज होऊन बंद पडत असेल तर विजेचा दाब कमी आहे का, रिले बिघडला आहे का, हे पाहावे. मागची जाळी कोमट लागते का? कॉम्प्रेसर तापलेला, जाळी थंड आणि बर्फ नाही, तेव्हा गळतीचा संशय रास्त. बर्फ भरपूर, पण फळ्या उबदार, तेव्हा दाराच्या रबराकडे वळावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढावी. आमच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात ती सहज निघून आली. रबर कडक होऊन वाकले होते. गॅस नव्हे, रबर बदलले आणि फ्रिज पूर्ववत झाला. दुसऱ्या दिवशी आलेल्या दुरुस्तीवाल्याने पट्टी स्वतः ओढून पाहिली, हसला आणि म्हणाला, "सर, रबरच आहे." त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही कोणी हा क्रम लिहून दिलेला नव्हता.

पाठ्यपुस्तक

दहावीच्या पुस्तकात उष्णतेच्या प्रकरणात अप्रकट उष्मा, दवबिंदू आणि सापेक्ष आर्द्रता हे सगळे आहे. बारावीत उष्मागतिकीच्या प्रकरणात फ्रिजही येतो, त्याचा कार्यगुणांकही येतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब का जमतात, हा तर आपल्या सर्वांचा आवडता प्रश्न. पण थेंब बाटलीच्या बाहेरच राहतात. तीच वाफ दार उघडल्यावर आत शिरते, बर्फ होते आणि बिल वाढवते, इथपर्यंत पुस्तक जात नाही.

हिशेब दहावीच्या मुलाला जमेल असा आहे. सावर्ड्याचा जुलै: २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प. ५ अंशांना हवा जास्तीत जास्त सुमारे ७ ग्रॅमच धरू शकते. दार उघडताच आतली १५० लिटर हवा पूर्ण बदलली असे धरू. अडीच ग्रॅम पाणी आत आले. त्याचे द्रवीकरण करताना सुमारे ६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि हवा गार करायला फक्त ४. म्हणजे दार उघडण्याचा कोकणातला निम्म्याहून अधिक भार वाफेचा. मे महिन्यातले नागपूर घ्या: ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के. तिथे पाणी जेमतेम पाव ते अर्धा ग्रॅम येईल. भिंतींतून शिरणारी उष्णता नागपुरात जास्त, पण बर्फ धरणार तो सावर्ड्यात. दिवसातून तीस वेळा दार उघडले तर आठवड्याला अर्धा किलो, आणि रबर फाटके असेल तर रात्रंदिवस भर. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, म्हणून तो कप्प्यावर घोंगडीसारखा बसतो. आत गॅस उकळत असतो, बाहेर दूध नासत असते. आमच्या फ्रिजचे कोडे एवढेच होते. वितळलेले पाणी मोजपात्रात धरले, ते १४०० मिलिलीटर भरले.

याच हिशेबातून घरातला एक जुना वादही मिटतो. दार एकदा उघडण्याची किंमत १० किलोज्यूल. २८ अंशांची एक लिटर पाण्याची बाटली ५ अंशांवर आणायची तर ९६. ऐंशी अंशांची दोन लिटर आमटी आत ठेवली तर सहाशेच्या वर, म्हणजे दार साठ वेळा उघडण्याएवढी. आपण रागावतो ते दार उघडणाऱ्या मुलाला, आणि आमटी ठेवणारे आपणच असतो.

बारावीचे पुस्तक आदर्श फ्रिजवर थांबते. उणे १५ आणि ४५ अंशांमध्ये चालणाऱ्या आदर्श यंत्राचा कार्यगुणांक २५८ भागिले ६०, म्हणजे ४.३ येतो. घरचा फ्रिज त्याच्या बराच खाली असतो. तो का, हे विचारायला थर्मोस्टॅट, रबर, बर्फ आणि आमटी यांना पुस्तकात जागा हवी. सावर्ड्यासारख्या गावात, जिथे खैराचा अर्क आटवून आणि थंड करून कात बसवला जातो, तिथल्या मुलांना गारवा हा विषय परका नाही. परका आहे तो पुस्तकातला फ्रिज.

चारही मजकुरांचा निवाडा असा: पाटी खरी पण अपुरी, लेबल उपयुक्त पण प्रयोगशाळेतले, पुस्तिका लांब आणि मुकी, पाठ्यपुस्तक बरोबर पण दाराबाहेरचे. या चौघांना एकत्र आणण्याचे काम शिक्षकालाच करावे लागेल. साहित्य फार नको: एक तापमापी, एक पेला, एक कागदाची पट्टी, एक घड्याळ आणि घरचा मीटर. तीस मुलांनी तीस घरांतून पाच-पाच आकडे आणले तर वर्गात पाचवा मजकूर तयार होईल, आणि तो मराठीत असेल. फक्त मुलांना एक सूचना आधी द्यावी: फ्रिजचा मागचा भाग पाहण्याआधी प्लग काढायचा, आणि आत कोणाचे औषध असेल तर त्याची जागा आधी विचारायची.