संशोधनाची मोजणी आणि संशोधनाचा शोध : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक वितरित करण्यात आले. व्यक्तीची ओळख संगणकीय नोंदीत कायम करणाऱ्या एवढ्या मोठ्या उपक्रमाचा आरंभ ज्या जिल्ह्यात झाला, त्या जिल्ह्याविषयी आजवर झालेले संशोधन एकत्रितपणे कोठे पाहावयास मिळेल, या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर देता येत नाही. सातपुड्यातील आदिवासींचे जीवन, कुपोषण, सिकलसेल, हंगामी स्थलांतर, वनहक्क, भिली व पावरी बोली या विषयांवर प्रबंध, प्रकल्प आणि शोधनिबंध सिद्ध झाले आहेत. प्रश्न संशोधनाच्या अभावाचा नसून झालेले संशोधन पुन्हा हाती लागण्याचा आहे. उच्च शिक्षणात उभ्या राहिलेल्या संशोधन-माहितीच्या व्यवस्था या कसोटीवर कितपत उतरतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवस्थांची घडण

विद्यापीठीय ग्रंथालये परस्परांशी जोडण्याच्या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा प्रकल्प पुण्याच्या आयुका या संस्थेच्या आश्रयाने सुरू केला. १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र केंद्राचा दर्जा मिळाला. पुढे आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे राष्ट्रीय भांडार आकारास आले. २०१६ आणि २०२२ च्या विनियमांनीही ही अट कायम ठेवली. नियोजित संशोधनाच्या आराखड्यांसाठी ‘शोधगंगोत्री’ आणि अध्यापक-संशोधकांच्या परिचयासाठी ‘विद्वान’ अशी अन्य दालनेही इन्फ्लिबनेटने उभारली.

या व्यवस्थांचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटबंद असे. नंदुरबार, तळोदा वा अक्कलकुवा येथील अध्यापकास ती पाहण्यासाठी जळगावला जावे लागे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन होण्यापूर्वीचा प्रबंध असेल, तर पुण्याला जावे लागे. आज तोच प्रबंध शोधगंगेवर असल्यास महाविद्यालयात बसून विनामूल्य वाचता येतो. ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

मोजणी म्हणजे माहिती नव्हे

तथापि याच काळात संशोधनाच्या नोंदीला एक निराळे वळण लागले. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आणली. शोधनिबंधाला गुण मिळू लागले आणि गुणांवर पदोन्नती ठरू लागली. परिणामी निबंध काय सांगतो यापेक्षा तो कोठे छापला गेला, या प्रश्नास महत्त्व आले. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर २०१९ पासून ‘यूजीसी-केअर’ यादी अमलात आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले. यादी बदलली की अध्यापकाच्या जुन्या निबंधाचे मोल बदलल्यासारखे वाटते. निबंधातील निरीक्षणे मात्र होती तेथेच असतात.

नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल, वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल आणि पदोन्नतीचे अर्ज यांसाठी त्याच निबंधाचे शीर्षक, वर्ष व नियतकालिकाचा क्रमांक पुनःपुन्हा भरला जातो. या सर्व तक्त्यांतून ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळते. ‘धडगाव तालुक्यातील स्थलांतराविषयी आपल्या महाविद्यालयात कोणी काय अभ्यासले?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांतून मिळत नाही. तपासणीसाठी घडवलेली नोंद तपासणी संपताच निरुपयोगी होते, हा या पद्धतीचा मूलभूत दोष आहे.

नावांत हरवलेला जिल्हा

नोंद शोधण्यायोग्य असणे हे नावांवर अवलंबून असते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे अभ्यास ‘धुळे जिल्हा’ या नावाखाली आणि त्याही आधीचे ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली आहेत. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होण्यापूर्वीची सामग्री केवळ ‘खानदेश’ म्हणून नोंदलेली सापडते. आज ‘नंदुरबार’ हा शब्द देऊन शोध घेणाऱ्यास यांपैकी फारच थोडे हाती लागेल.

रोमन लिप्यंतराने ही अडचण वाढते. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा ही नावे रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात. ‘पावरा’, ‘मावची’, ‘कोकणा’ या समाजनामांचीही तीच स्थिती आहे. एकाच तालुक्याला कोणी अक्राणी म्हणतो, कोणी धडगाव. ग्रंथालयशास्त्रात यावर जुना उपाय आहे: एक नाव प्रमाण मानावयाचे आणि उरलेली पर्यायी नावे त्यास जोडून ठेवावयाची. संगणकीय भांडारांच्या नोंदीसाठी १९९५ पासून प्रचलित झालेल्या ‘डब्लिन कोअर’ या पद्धतीच्या १५ घटकांत स्थल-कालाच्या व्याप्तीसाठी स्वतंत्र घटक आहे. म्हणजे गाव, तालुका आणि अभ्यासाचा काळ नोंदविण्याची जागा तंत्रात उपलब्ध आहे. ती जाणतेपणाने भरणे हे यंत्राचे नव्हे, नोंद करणाऱ्याचे काम आहे.

लिपी आणि फाँट

मराठी प्रबंधांपुढे आणखी एक अडथळा आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. परंतु आपल्याकडील टंकलेखन त्यानंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या खाजगी फाँटांत होत राहिले. अशा फाँटातील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो. यंत्राला मात्र त्यात रोमन अक्षरांची विसंगत रांग दिसते. केवळ छायाप्रतीच्या रूपात चढवलेल्या पानांत तर यंत्राला मजकूरच दिसत नाही. असा प्रबंध भांडारात असूनही त्यातील एकही शब्द शोधता येत नाही.

याचे परिणाम केवळ सोयीपुरते नाहीत. वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी आयोगाने २०१८ मध्ये विनियम केले. साम्य तपासणारी संगणकप्रणाली वाचता येणाऱ्या मजकुरावरच चालते. ज्या प्रबंधाचा मजकूर यंत्राला वाचता येत नाही, त्याची उचल पकडली जात नाही आणि त्याचे श्रेयही मूळ संशोधकास मिळत नाही. प्रबंध खुला केल्यास तो चोरला जाईल, अशी भीती अध्यापकवर्गात ऐकू येते. वस्तुतः चोरीला अधिक वाव अर्धवट झाकलेल्या प्रबंधात असतो.

आधारसामग्रीचे काय?

प्रबंध निदान भांडारात जातो. त्यामागील आधारसामग्री, म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या, ध्वनिमुद्रित मुलाखती, गावाचे नकाशे आणि बोलीतील शब्दसंग्रह, बहुधा संशोधकाच्या घरी राहते आणि कालांतराने नाहीशी होते. नंदुरबार जिल्ह्यात ही हानी विशेष गंभीर आहे. सरदार सरोवर प्रकल्पाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावात बुडण्यापूर्वी झालेली पाहणी पुन्हा करणे कोणालाही शक्य नाही. तेथे प्रश्नावलींचा गठ्ठा हरवणे म्हणजे त्या समाजाच्या इतिहासाचे एक साधन कायमचे हरवणे होय.

खुलेपणा कोणासाठी?

मग सर्व काही सर्वांसाठी खुले करावे काय? येथे विवेक हवा. आधारसामग्री शोधता यावी, मिळावी, इतर सामग्रीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, ही ‘फेअर’ तत्त्वे २०१६ मध्ये मांडली गेली. त्यांना पूरक म्हणून २०१९ मध्ये आदिम समाजांच्या सामग्रीविषयी ‘केअर’ तत्त्वे पुढे आली. आपल्या यूजीसी-केअरशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे. सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, उत्तरदायित्व आणि नीती ही ती चार तत्त्वे होत. पावरा वैदूने सांगितलेल्या वनौषधीची माहिती, सिकलसेल तपासणीतील कुटुंबवार नोंदी किंवा स्थलांतरित मजुरांची नावे संशोधकाच्या एकट्याच्या मालकीची नाहीत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक समित्यांवर लोक जैवविविधता नोंदवहीची जबाबदारी टाकली, ती याच जाणिवेतून.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. संशोधनाचे ‘उत्तरदाते’ म्हणून त्यांची गणना होते. निष्कर्षांचे वाचक म्हणून मात्र क्वचितच होते. ज्या ग्रामसभेने संशोधकास माहिती दिली, तिच्याकडे निष्कर्षांचे चार पानांचे मराठी टिपणही पोहोचत नसेल, तर राष्ट्रीय भांडारातील खुलेपणा त्या गावापुरता बंदच आहे.

महाविद्यालयाने करावयाचे काम

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शोधगंगा ज्यावर चालते, ती ‘डी-स्पेस’ प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ती चालविण्याची सोय नसल्यास एका साध्या तक्त्यापासूनही आरंभ होऊ शकेल. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या अध्यापक व विद्यार्थ्यांच्या संशोधनाची एकच नोंदवही ठेवावी. तीत शीर्षक व सारांश युनिकोड देवनागरीत आणि इंग्रजीत असावा. गाव, तालुका, तत्कालीन जिल्हा व अभ्यासाचे वर्ष असावे. आधारसामग्री कोठे आहे आणि ती कोणत्या अटींवर पाहता येईल, हे नमूद असावे. व्यक्तींची ओळख उघड होणार नाही, याची दक्षता घेऊन सामग्री ग्रंथालयात जमा करावी. निष्कर्षांचे टिपण संबंधित ग्रामपंचायतीस देणे हा प्रकल्पपूर्तीचाच भाग मानावा.

अध्यापकांवर आधीच कागदपत्रांचा भार आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो भार मुख्यतः पुनरावृत्तीचा आहे. एकदा नीट केलेल्या नोंदीतून नॅकचा तक्ताही निघेल आणि पदोन्नतीचा अर्जही भरेल. तपासणीच्या तक्त्यातून मात्र संशोधनाची नोंद तयार करता येत नाही.

समारोप

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि शासकीय उच्च शिक्षण संस्थांना जगभरातील सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करून देण्याचा मार्ग मोकळा झाला. जगाचे संशोधन आपल्या दारी येत असताना तोरणमाळच्या पठाराविषयी आणि तापीकाठच्या शेतीविषयी आपणच केलेले संशोधन आपल्याला सापडू नये, ही विसंगती कोणत्याही राष्ट्रीय योजनेने आपोआप दूर होणार नाही. तिचे निराकरण नोंद करणाऱ्या अध्यापकाच्या आणि ग्रंथपालाच्या हाती आहे. हे काम चालू शैक्षणिक वर्षातच, आपापल्या विभागातील जुन्या प्रकल्प-अहवालांची यादी करण्यापासून सुरू करता येईल.