‘टू सर, विथ लव्ह’ : वर्गात रुजलेला, रस्त्यावर उपरा



परदेशात जाऊन शिकवायचे म्हटले की आपल्यासमोर व्हिसा, पगार, घरभाडे आणि थंडी या गोष्टी येतात. पण परक्या देशात शिक्षक म्हणून रुजणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर ई. आर. ब्रेथवेट यांचे ‘टू सर, विथ लव्ह’ हे १९५९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचावे. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, साहित्य नव्हे. तरीही हे टिपण लिहितो आहे, कारण या पुस्तकाचा नायकही मुळात अभियंता आहे आणि तो नाइलाजाने शिक्षक झालेला आहे. पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर कारखान्यातली नोकरी मिळाली नाही म्हणून मीही असाच खडू हातात घेतला होता. त्यामुळे या पुस्तकाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो.

१. पार्श्वभूमी

ब्रेथवेट यांचा जन्म १९१२ साली ब्रिटिश गयानातील जॉर्जटाउन येथे झाला. हीच वसाहत १९६६ मध्ये गयाना या नावाने स्वतंत्र झाली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या हवाई दलात होते. युद्धानंतर केंब्रिजमध्ये त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. तेलशुद्धीकरणाच्या कामाचा अनुभवही गाठीशी होता. म्हणजे आजच्या भाषेत त्यांचा बायोडेटा भक्कम होता.

पुस्तकातला नायक ब्रेथवेट याच नावाने वावरतो. अर्ज केल्यावर त्याला मुलाखतीची बोलावणी येतात. कागदावर त्याचा रंग दिसत नाही. तो प्रत्यक्ष समोर आला की मात्र चेहरे बदलतात. एका मुलाखतीत त्याला तांत्रिक प्रश्न विचारले जातात, त्याची उत्तरे सगळ्यांना पटतात आणि मग सांगितले जाते की तुम्हाला घेतले तर इंग्रज कामगारांवर तुम्हाला अधिकार द्यावा लागेल, ते जमणार नाही. ब्रिटनमध्ये नोकरीतल्या वंशभेदाला कायद्याने बंदी आली ती १९६८ साली, हे इथे लक्षात घ्या. त्याआधी अशा नकाराविरुद्ध दाद मागायला कायद्याचा आधार नव्हता.

या भागात लेखकाने एक महत्त्वाची जाणीव टिपली आहे. अंगावर हवाई दलाचा गणवेश होता तोवर तो ‘आपल्यातला’ होता. गणवेश उतरला आणि उरला तो फक्त काळा माणूस. ज्या ब्रिटनचे आदर्श त्याने लहानपणापासून आपले मानले, त्या ब्रिटनने त्याला आपले मानलेच नव्हते. पुढच्या साऱ्या पुस्तकाला या दुखऱ्या जागेचा पाया आहे.

२. वर्ग

पुढे एका बागेत बाकावर भेटलेला अनोळखी वृद्ध गृहस्थ त्याला शिक्षक होण्याचे सुचवतो. लंडनच्या ईस्ट एंड या कष्टकरी वस्तीतल्या ग्रीन्सलेड नावाच्या शाळेत त्याला काम मिळते. मुले शाळा सोडण्याच्या वयाची, गरीब घरची आणि शिक्षणाला कंटाळलेली आहेत. बाके आपटणे, शिव्या, वर्गात जाळपोळ असे सगळे प्रकार होतात. शेवटी एक दिवस त्याचा संयम सुटतो. त्यानंतर तो ठरवतो की यांना मुले म्हणून नव्हे, प्रौढ म्हणून वागवायचे. मुलींना ‘मिस’ म्हणायचे, मुलांना आडनावाने हाक मारायची आणि त्यांनी आपल्याला ‘सर’ म्हणायचे.

इथे आपण थांबले पाहिजे. आपल्याकडे ‘सर’ हा शब्द खुर्चीबरोबर फुकट मिळतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी, एक शब्दही शिकवायच्या आत, मला पासष्ट मुलांनी ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटले होते. त्या ‘सर’मध्ये आदर किती आणि सवय किती, हे कळायला मला पुढे दोन सत्रे लागली. ब्रेथवेटला तो शब्द मागून घ्यावा लागला आणि नंतर कमवावाही लागला. म्हणून पुस्तकाच्या नावाचे ‘सरांना, सप्रेम’ असे सरळ मराठी केले तर अर्थ पोहोचतो, पण त्या शब्दामागची झटापट पोहोचत नाही.

शिकवण्याची त्याची रीतही पाहा. तो सांगाडा वर्गात आणतो, मुलांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नेतो, त्यांच्या प्रश्नांना टाळत नाही. जीवशास्त्र, पोशाखांचा इतिहास, माणसाचे वागणे हे सारे एकमेकांत मिसळते. अभियांत्रिकीचा शिक्षक म्हणून मला हे ओळखीचे वाटते. फळ्यावर पंपाची आकृती काढून जे कळत नाही, ते प्रयोगशाळेत पंप उघडला की कळते.

३. रस्ता

वर्गात तो रुजतो. बाहेर काय होते? पुस्तकाच्या आरंभी बसमध्ये एक नीटनेटकी बाई त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागी बसण्याचे टाळते. पुढे सहलीच्या वेळी रेल्वेत गोऱ्या मुलींबरोबर त्याला पाहून दोन बायका कुजबुजतात, तेव्हा पामेला डेअर ही त्याची विद्यार्थिनीच त्यांना सुनावते. सहशिक्षिका जिलियनबरोबर तो हॉटेलात जेवायला जातो तेव्हा वेटर त्याचा अपमान करतो. तिच्या आईवडिलांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

सर्वांत कसोटीचा प्रसंग सील्सचा. सील्स हा वर्गातला मिश्र वंशाचा मुलगा. त्याची आई वारते. वर्ग फुलांसाठी पैसे गोळा करतो, पण ती फुले घरी न्यायला कुणी तयार होत नाही, कारण काळ्या माणसाच्या घरी जाताना दिसलो तर लोक काय म्हणतील! इतक्या महिन्यांची मेहनत एका क्षणात पोकळ ठरल्यासारखी त्याला वाटते. आणि तरीही अंत्यविधीच्या वेळी त्याची मुले तिथे उभी असतात.

हा प्रसंग मला पुस्तकाचा गाभा वाटतो. मुलांना सर आवडतात. पण सर आवडणे वेगळे आणि सरांसारख्या माणसाच्या घरी उघडपणे जाणे वेगळे. ‘तुम्ही त्यांच्यातले नाही आहात, सर’ असे म्हणणारे प्रेम हे अर्धेच प्रेम असते. आपल्या देशात भाषा, जात आणि प्रदेश यांच्या बाबतीत हे वाक्य आपण किती सहज बोलतो, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

४. पुस्तकाच्या मर्यादा

कौतुकाबरोबर दोषही पाहायला हवेत.

पहिला दोष असा की निवेदक स्वतः अपमान सोसतो, पण ईस्ट एंडच्या गरिबांकडे, विशेषतः बसमधल्या साफसफाई करणाऱ्या बायकांकडे, वरूनच पाहतो. स्त्रियांच्या शरीराची त्याने केलेली वर्णने आज खटकतात. वंशाच्या अन्यायाला तो ओळखतो, वर्गाच्या अन्यायाला मात्र शिस्त आणि शिष्टाचार हे औषध देतो. मुलांनी ‘सभ्य’ व्हायचे म्हणजे कुणासारखे व्हायचे, हा प्रश्न तो विचारत नाही.

दुसरा दोष श्रेयाचा. पुस्तकातले मुख्याध्यापक फ्लोरियन यांच्यामागे ॲलेक्स ब्लूम हे खरे मुख्याध्यापक आहेत. १९४५ पासून १९५५ पर्यंत त्यांनी त्या भागातली शाळा चालवली. छडी नाही, मुलांचा शाळेच्या कारभारात वाटा आणि मुलांनी शाळेविषयी मोकळेपणाने लिहायचे, अशी त्यांची पद्धत होती. पुस्तकात या पद्धतीचे दर्शन होते, पण यशाचा प्रकाश एकट्या नायकावर पडतो. एखादा शिक्षक वर्ग बदलू शकतो, पण मागे शाळा उभी असेल तरच. पुस्तक वाचून उत्साहाने वर्गात शिरणाऱ्या नव्या शिक्षकाला हे सांगायला हवे.

तिसरा दोष म्हणजे मुले फार लवकर सुधारतात. आत्मकथन आणि कादंबरी यांच्या सीमेवर असलेल्या या पुस्तकात घटना नीट रचून मांडल्यासारख्या वाटतात.

५. चित्रपट

१९६७ साली जेम्स क्लॅव्हेल यांनी यावर चित्रपट काढला. सिडनी पॉइटिए यांनी शिक्षकाची भूमिका केली. चित्रपट गाजला, पण त्यात गणित बदलले. जिलियनबरोबरचे नाते जवळजवळ पुसले गेले. शेवटी नायकाला अभियंत्याची नोकरी मिळते आणि तो ते पत्र फाडून टाकतो. टाळ्या मिळवणारा हा शेवट आहे. पुस्तकात मात्र फाडायला पत्रच नाही. तिथे दार बंदच राहते आणि मुलांनी दिलेल्या भेटीवरच्या ‘टू सर, विथ लव्ह’ या अक्षरांवर पुस्तक संपते. चित्रपटात अध्यापन हा त्याग होतो. पुस्तकात ते नाइलाजातून उगवलेले प्रेम आहे. मला दुसरे अधिक खरे वाटते. मीही कोणतेच पत्र फाडले नाही, कारण ते आलेच नव्हते. तरी आज दुसरे काही करावेसे वाटत नाही.

६. समारोप

तुमच्यापैकी काही जण उद्या परदेशात अध्यापन साहाय्यक म्हणून उभे राहतील, काही दुसऱ्या राज्यात शिकवतील. नोकरीचे पत्र मिळाले म्हणजे आपण तिथले झालो, असे नसते. वर्गाने स्वीकारले म्हणजे गावाने स्वीकारले, असेही नसते. पण वर्गापासून सुरुवात होऊ शकते, एवढा दिलासा हे पुस्तक देते आणि त्याहून जास्त आश्वासन देत नाही. त्याचे मोल तिथेच आहे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. फुले न्यायला नकार देणारी मुले आणि अंत्यविधीला आलेली मुले यांत विसंगती आहे का? तुमचे मत कारणांसह मांडा.
२. शिष्टाचार शिकवणे म्हणजे आदर शिकवणे, असे म्हणता येईल का?
३. तुमच्या महाविद्यालयात परप्रांतातून आलेल्या एखाद्या शिक्षकाच्या घरी तुम्ही कधी गेला आहात का? नसाल, तर का नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिले नाही तरी चालेल.