‘उपरा’ : चाकणच्या वाटेवरील पुनर्वाचन

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० साली प्रसिद्ध झाले आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. कैकाडी समाजातील एका मुलाची ही कहाणी भटक्या-विमुक्तांच्या साहित्यातील मैलाचा दगड मानली जाते. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात राहून आज ती वाचली, तर तिच्या शीर्षकालाच नवी धार येते. कारण ‘बाहेरचा कोण?’ हा येथील कळीचा प्रश्न झाला आहे.

गाढवांवर बिऱ्हाड लादायचे, वेशीबाहेर पाल ठोकायचे, टोपल्या विणून विकायच्या आणि पुन्हा वाट धरायची, हा या कुटुंबाचा जीवनक्रम. गावाला टोपली हवी असते, विणणारा नको असतो. ही विसंगती लेखक व्याख्यान देऊन सांगत नाही; प्रसंगांतून ती आपोआप उमटते. या कृतीचे दुसरे बळ तिच्या निर्भय प्रामाणिकपणात आहे. जातीबाहेर विवाह करणाऱ्या नायकाविरुद्ध त्याची स्वतःची जातपंचायतच उभी राहते. ज्यांना वेशीबाहेर ठेवले गेले, तेही आपली वेस आखतातच! त्यामुळे हे आत्मकथन भाबड्या कणवेत अडकत नाही.

आपल्या शहराचा इतिहासही असाच आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे पिंपरी कॅम्प वसला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि मागोमाग कोकण, मराठवाडा, केरळ येथून कामगार आले. आज चाकणच्या वाहन-कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे तरुण कंत्राटावर राबतात. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने भंगार-गोदामांसह हजारो बांधकामे पाडली, तेव्हा अनधिकृत बांधकामाच्या प्रश्नाशी ‘बांगलादेशी-रोहिंग्या’ हे शब्द सहज जोडले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार धाडण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे दिसताच परत आणावे लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानेही माणूस न पाहता समूहावरच शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, संशयाची सवय मात्र उरली.

येथे तुलनेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘उपरा’तील माणसे याच भूमीची, परवान्याविना सीमा ओलांडणाऱ्याची गोष्ट वेगळी. देशात कोणी यावे, हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राला आहेच. प्रश्न रीतीचा आहे. १९४६ च्या कायद्याप्रमाणेच त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावरच आहे. जन्मदाखला नसलेल्या, निरक्षर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराने तो कसा पेलावा? उलट चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. म्हणून परत पाठवायचेच असेल, तर आधी सुनावणी हवी, केलेल्या कामाची मजुरी हवी आणि चिमुकल्यांची आईबापांपासून ताटातूट होता कामा नये.

बाळ येशूला घेऊन मिसर देशी आश्रय शोधणाऱ्या मरिया-योसेफाचे चित्र ज्या घरांत टांगलेले असते, त्या घरांना हे परके वाटू नये. आपल्यातीलही कित्येक कुटुंबे पोटासाठीच या शहरात आली.

चाकणच्या पत्र्याच्या खोलीतला आजचा उपरा मराठी साहित्यात पुरेसा उमटलेला नाही. तो कदाचित भोजपुरीत किंवा बांगलात लिहील. त्याला मराठीत आणण्याचे काम आपले असेल. ‘उपरा’ने पालातला आवाज मराठीच्या घरात आणला. तो ज्यांनी ऐकला, त्यांना शेजारच्या खोलीतला आवाज ऐकू येत नाही असे म्हणता येणार नाही.