छोट्या शब्दांची जागा

'शी पुट द फोन डाउन, टर्न्ड द लाइट ऑफ अँड वेन्ट बॅक अप टु बेड.' कुठल्याही इंग्रजी कादंबरीत सहज भेटेल आणि वाचताना नजरेखालून तितक्याच सहज निसटून जाईल, असं हे वाक्य. पुट, टर्न आणि वेन्ट ही यातली तिन्ही क्रियापदं शाळेत अगदी सुरुवातीला शिकवतात. खरं तर ती जवळजवळ रिकामी आहेत. काहीतरी कुठेतरी ठेवलं, काहीतरी फिरवलं, कुणीतरी कुठेतरी गेलं, एवढंच ती सांगतात. घडलेली गोष्ट सांगतात ते डाउन, ऑफ, बॅक, अप आणि टु हे पाच चिमुकले शब्द.

शेवटाकडून वाचत येऊ. 'बॅक' या एका शब्दाने कळतं, की बाई आधी अंथरुणातच होती. फोनने तिला उठवलं असावं, हे वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते आपल्याला समजतं. 'अप'मुळे घराची रचना दिसते: फोन खालच्या मजल्यावर, निजायची खोली वर. 'टु' मुक्काम दाखवतो, आणि 'बेड'च्या आधी 'द' नसल्यामुळे तो मुक्काम पलंग न राहता झोप होतो. आता या तिघांचा क्रम बदलून पाहा. 'वेन्ट अप बॅक टु बेड' म्हटलं की कान अडखळतो. आधी परतणं, मग दिशा, शेवटी ठिकाण, असा हा क्रम आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला तो कुणी समजावून सांगितलेला नसतो, तरी तो चुकत नाही. तीन छोट्या शब्दांत भूतकाळ, घराचा नकाशा आणि हेतू बसवणारी ही काटकसर मला फार मोलाची वाटते.

'डाउन'मध्ये एक अर्थ दुसऱ्यावर चढलेला आहे. रिसीव्हर खाली ठेवला, ही उघड क्रिया. बोलणं संपलं, हा तिचा परिणाम. आता हातातल्या मोबाइलचं बोलणं संपवायला तो कुठे खाली ठेवावा लागत नाही, तरी 'पुट द फोन डाउन' टिकून आहे, कारण दुसऱ्या अर्थाला आता पहिल्याच्या आधाराची गरज उरलेली नाही.

पण या वाक्यातली सर्वांत सुंदर कारागिरी 'ऑफ'ची आहे. 'टर्न्ड द लाइट ऑफ' म्हणा किंवा 'टर्न्ड ऑफ द लाइट', दोन्ही चालतात. 'लाइट'च्या जागी 'इट' हे सर्वनाम आलं, की मात्र मोकळीक संपते. 'टर्न्ड इट ऑफ' एवढंच बरोबर. 'टर्न्ड ऑफ इट' चालत नाही. आता शेजारी दुसरं वाक्य ठेवा: 'ही टर्न्ड ऑफ द रोड', म्हणजे तो रस्ता सोडून वळला. क्रियापद तेच, 'ऑफ'ही तोच. पण इथे 'टर्न्ड ऑफ इट' बिनचूक आणि 'टर्न्ड इट ऑफ' चूक! दिव्याच्या वाक्यात 'ऑफ' क्रियापदाचा सोबती आहे, क्रियाविशेषणासारखा. रस्त्याच्या वाक्यात तो नामाचा आहे, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. आपल्याकडे 'रस्त्यावरून' म्हणताना 'वरून' नामाला चिकटूनच येतो, त्यामुळे तो कुणाचा असा प्रश्न पडत नाही. इंग्रजीत 'ऑफ' सुटा उभा असतो, आणि तो कुणाचा हे एक छोटं सर्वनाम उघड करतं.

आणखी एक खूण आहे. क्रियापद आणि 'ऑफ' यांच्यामध्ये एखादं क्रियाविशेषण घालून पाहा. 'टर्न्ड शार्पली ऑफ द रोड' सुरेख वाटतं. 'टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट' कानाला खटकतं. जिथे 'ऑफ' क्रियापदाशी बांधलेला आहे, तिथे 'क्विकली'ला मधे शिरकाव नाही. त्याने क्रियापदाच्या आधी तरी यावं, नाहीतर वाक्याच्या शेवटी जावं. आवाजही हेच सांगतो. 'टर्न इट ऑफ'मध्ये आघात 'ऑफ'वर पडतो. 'लुक ॲट इट'मध्ये तो 'लुक'वर पडतो आणि 'ॲट' जेमतेम ऐकू येतो. अर्थ, जागा आणि आघात या तिघांनी एकच गोष्ट सांगावी, ही घडण एखाद्या जमलेल्या बंदिशीसारखी आहे.

'अप'चा संसार याहून मोठा. 'ईट युअर राइस' म्हणजे भात खा. 'ईट अप' म्हटलं की ताटात शीत उरू नये. आपण हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो: 'खाऊन टाक'. इंग्रजीत ते दिशा दाखवणारा शब्द करतो, आणि करताना आपली दिशा विसरतो. म्हणूनच झाड आधी 'कट डाउन' होतं आणि मग त्याचे तुकडे करताना 'कट अप'. घर 'बर्न डाउन' होतं, कारण ते कोसळतं. कागद 'बर्न अप' होतो, कारण तो उरतच नाही. ही निवड किती अचूक आहे!

जुन्या इंग्रजीत अशा छटा पुष्कळदा क्रियापदाच्या आधी जोडलेल्या उपसर्गांतून येत. पुढे उपसर्ग झिजले आणि मागून येणाऱ्या शब्दांनी भार उचलला. पीटरबरोच्या मठातल्या बखरीत, ११३२ सालच्या नोंदीत, एका मठाधिपतीला पद सोडावं लागल्याचं सांगताना 'गिव्ह अप'चं जुनं रूप भेटतं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केलं, की परक्या माणसाला सर्वांत जड जातात त्या क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या याच जोड्या. आणि कोशात त्या त्याने निगुतीने टिपल्या. लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकाने त्यांचं 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ केलं. ते नाव हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवल्याचं त्याने नोंदवलं आहे.

इंग्रजी कवी जॉन ड्रायडनला मात्र असा छोटा शब्द, म्हणजे अव्यय, वाक्याच्या शेवटी सुटं पडलेलं आवडत नसे. १६७२ मध्ये त्याने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला, आणि पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्यंही बदलली. माझं मत ड्रायडनच्या विरुद्ध आहे. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' या प्रश्नात एरवी दबून जाणारा 'ॲट' आपल्या पूर्ण स्वरासह उच्चारला जातो, आणि वाक्य नेमकं त्याच्यावर येऊन टेकतं. त्याला तिथून हलवणं म्हणजे बोलण्यातला जिवंतपणा काढून टाकणं.

आपल्या कार्यालयीन पत्रांच्या शेवटी येणारं 'लुक फॉरवर्ड टु' हे तर तिघांचं संमेलन: 'लुक' क्रियापद, 'फॉरवर्ड' क्रियाविशेषण, 'टु' शब्दयोगी अव्यय. 'टु' इथे नामाची वाट पाहतो, म्हणून पुढे 'हिअरिंग' येतं, 'हिअर' नाही.

अशा जोड्यांच्या अर्थासह छापलेल्या लांबलचक याद्या मुलांकडून पाठ करून घेतात, ते थांबवावं. यादीत शब्द दिसतो, त्याची जागा दिसत नाही आणि आघात ऐकू येत नाही. त्यापेक्षा एखादी इंग्रजी गोष्ट घ्या, मुलांना मोठ्याने वाचायला लावा, आणि नामाच्या जागी 'इट' घालून छोटा शब्द कुठे जातो ते त्यांनाच शोधू द्या.